बैलाचं पान

हरीओमनं मंजूच्या हातातलं पुस्तक हिसकावून दिवाणावर फेकलं.

“सकायपासून डोस्कं खाऊन राह्यली! कुत्रा इमानदार, कोल्हा लबाड, ससा भित्रा. चित्रं पाहून कोनाचं भलं झालं काय? निकिता, साहेब येऊन राह्यले. पोहे टाक. अन् सोन्याच्या गळ्यात नवीन घुंगरमाळ घाल.”

निकिता कांदा चिरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “सोन्याले देऊ नोका. त्याची माय मेली तवा बाटलीनं दूध पाजून जगवलं म्या त्याले. साहेबाले दुसरं काईबी द्या.”

“साहेबाची नजर सोन्यावरच बसली शंकरपटाच्या शर्यतीत. त्याच्या पल्ल्यापुढं एकबी बैल टिकला नाई, पाह्यलं नाई काय तू? बैल जाईन तं तिकीट येईन. तुले काय समजते राजकारनातलं? तू आपली पोरीले ससा शिकव.”

तिकीट म्हणजे जिल्हा परिषदेचं. त्या तिकिटापायी या गड्यानं इतक्या वेळा पक्ष बदलला होता की कपाटात कपड्यांपेक्षा गमछेच जास्त झाले होते. आसेगावात कोणी त्याला चहा विचारत नसे. तरी त्याच्या लेखी सगळं गाव बावळट, आणि घरची बायको तर बावळटांची सरदार. मूग गिळून बसते म्हणजे हिला अक्कल नाही, एवढंच त्याला कळे.

निकितानं दिवाणावरचं पुस्तक उचललं, मंजूचा हात धरला आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं दारामागून पाठांतराची पुटपुट ऐकू यायला लागली. “लागल्या पुन्हा!” हरीओम तिरस्कारानं हसला आणि आरशापुढं केस चापून बसवू लागला.

साहेब मंगरूळहून उशिरानं आले. वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून त्यांनी गाडी थांबवून ठेवली होती. गाडीला लिंबू-मिरची, मनगटाला काळा दोरा, बोटाबोटांत खड्यांच्या अंगठ्या. पोह्यांची बशी हातात येईपर्यंत त्यांचा माणूस अंगणात सोन्याचं दावं सोडायला लागलाही होता.

तेवढ्यात मंजू पुस्तक घेऊन साहेबांपुढं येऊन बसली. हरीओमच्या तोंडातून लगेच मध गळायला लागला.

“एवढीशी हाय, पन समदे जनावरं पाठ हायत, साहेब! आमी घरीच शिकवतो. म्हन वं बाई.”

साहेब हसले. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. “हत्ती?”

“हत्ती ताकदवान असतो.”

“मुंगी?”

“मुंगी कष्टाळू असते.”

“वा! अन् हा?”

मंजूनं डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं, “बैल शेतकऱ्याचा मित्र असतो. पाठीवर उलटी गोम असलेला बैल मालकाची खुर्ची खातो.”

साहेबांचा घास तोंडातच राहिला. गोम म्हणजे बैलाच्या पाठीवरची केसांची रेघ. ती उलटी असली तर मालकाचा घात होतो, असं बैलबाजारात भले भले मानतात. साहेब चपला न घालताच अंगणात धावले. सोन्याच्या पाठीवर रेघ होती. सुलटी की उलटी, कोणाला ठाऊक! पण भ्यालेल्या माणसाला ती उलटीच दिसणार.

“हरीओम, मले बुडवाले निघाला काय तू? कोनाचा मानूस हाय? तिकिटाचं नाव काढू नोको आता!”

“साहेब, पोरगी लहान हाय, साहेब…” हरीओम गाडीमागं फाटकापर्यंत पळाला. गाडी थांबली नाही.

धुळीनं माखून तो घरात आला. पुस्तक तिथंच पडलं होतं. त्यानं बैलाचं पान काढलं. ‘बैल शेतकऱ्याचा मित्र असतो.’ बस, एवढंच. त्यानं पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. गोम नाही, खुर्ची नाही. खाली चित्रातला बैल शांतपणे गवत खात होता.

बाहेर निकिता सोन्याला खुंट्याला बांधत होती. मंजूचा आवाज खिडकीतून आत आला.

“आई, बैलाचं बरोबर म्हनलं ना म्या?”

“एकदम बरोबर.” निकितानं खिडकीकडं पाहिलं. “आता गाढवाचं म्हन. बाबा आयकून राह्यले.”