जानकीची कीड

“ह्या बागेत कीड जानकीन हाडली,” परशुराम बोलला. कामावरच्या चार बायांसमोर, त्याच्या पॉलीहाऊसच्या दारात. तिच्या साडीचा पदर काठीने उचलून दाखवला, जसं काय पदरातूनच तिने किडे आणलेत.

आत काकडीची पानं पिवळी पडली होती. पानांखाली बारीक जाळी. लाल कोळी. टिंबाएवढे किडे, पानातला रस पितात. परशुरामाला औषध मारता येत नव्हतं, तारकर्लीची हॉटेलं त्याची काकडी घेतात तीच मुळी बिनऔषधाची म्हणून. पाण्याने पानं धुवून झाली, लसणाचं पाणी मारून झालं. मग खापर फोडायला कोणीतरी पाहिजे. जानकीच्या घरामागे चवळीचा मांडव होता, आणि चवळीवरही हा कोळी येतो. झालं, तीच सापडली.

काम गेलं त्याचं तिला एवढं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत गेली तर तिथूनही परत पाठवलं. विहिरीवर सावित्री, त्या चौघींतलीच एक, आपला हंडा उचलून लांब जाऊन उभी राहिली.

“तुझी कीड माझ्या मिरचेक लागात गो,” बोलली आणि हसली.

जानकीने हंडा तसाच टाकला. घरी आली. परशुरामा, खोटं बोललास काय? थांब, खरंच करून दाखवते.

तिने चवळीची पानं उलटी केली. तिची नजर अशी, की तांदळातला खडा उभ्याने दिसतो. पानाखाली दोन जातीचे किडे होते. एक लाल, जाडे, बसल्या जागी बसलेले. दुसरे नारिंगी, चकचकीत, फुंकर मारली की सैरावैरा पळणारे. बसलेले तिला पसंत पडले नाहीत. ते काय खाणार, आळशी मेले. पळणारे आठ दिवसात अख्खी बाग साफ करतील. तिने पळणाऱ्यांचीच पानं निवडली. दोन पिशव्या भरल्या.

शुक्रवारी दुपारी परशुराम टेंपो घेऊन तारकर्लीला गेला. बाया जेवायला. जानकी आत शिरली आणि एकेका वेलाच्या बेचक्यात एकेक पान खोचत गेली.

“खावा,” दर पानाला बोलली. “काय ठेवू नकात.”

मग टेंपो रिकामा कधी जातो त्याची वाट बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात टेंपो गेला तो काठोकाठ भरून. जानकीने दात आवळले.

दुसऱ्या दिवशी परशुराम तिच्या अंगणात उभा. हातात एक सुकलेलं पान.

“ह्या तुझ्या चवळीचा मा?”

जानकीने हातातला कोयता खाली ठेवला नाही. “माझाच. मीच खोचलंय. काय करतलंस?”

परशुराम पायरीवर बसला.

“वेलावरचे पळणारे किडे ओरोसच्या कृषीच्या सायबांका दाखवलंय. भिंगातसून बघल्यानी. म्हणाले, हे पळणारे लाल कोळ्यांका खातत. पानाक तोंड पण लावणत नाय.” त्याने पान मांडीवर ठेवलं. “मी तुका हाकललंय, आणि तू माझी बाग वाचवलंस. मनात रागसुद्धा धरूक नाय. सोमवारपासून ये गो.”

राग केवढा धरला होता ते जानकीचं जानकीला ठाऊक. कोयत्यावरची मूठ सैल झाली. मग परत घट्ट झाली.

“येतंय. पण चार बायांसमोर जां बोललंस, तांच परत बोलूचा.”

“माफी मागतंय ना.”

“माफी नको. तांच व्हया. एक शब्द बदलूचो नाय.”

सोमवारी चौघी दारात उभ्या होत्या. जानकी तीच साडी नेसून आली. परशुराम खाकरला. मागच्या वेळी खोटं बोलताना आवाज खणखणीत होता. आता खरं बोलायचं होतं तर तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

“मोठ्यान,” जानकी बोलली.

परशुरामाने सावित्रीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“ह्या बागेत कीड जानकीन हाडली.”