रुझा आणि दुशानचं टेबल

“मग तुमच्या टेबलावर कुठला झेंडा लावू?” आयलीने विचारलं.

तिच्या हातात झेंड्यांची पिशवी होती. फिनलंडचा लावून झाला होता, इटलीचा, पोलंडचाही. गावच्या वारसा मेळ्यात तेवीस वर्षं ती या टेबलावर युगोस्लावियाचा झेंडा लावत आली होती. या जूनमध्ये तो देशच उरला नव्हता.

“काही नको लावूस,” दुशान अक्रोड भरलेल्या गोड पावाचे तुकडे मांडत म्हणाला. “आमच्या पोवितिकेला झेंडा लागत नाही. अक्रोडाच्या वासानेच माणसं येतात.”

आयली हसली. रुझा हसली नाही. तिला यंदा यायचंच नव्हतं.

ती क्रोएट, तो सर्ब. दोघं बोस्नियातल्या एकाच दरीतले. लग्न झालं आणि निकेलच्या खाणीत काम मिळालं म्हणून कॅनडात उत्तरेकडच्या या गावात आले. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. आता एप्रिलपासून तिकडे दोघांच्या माणसांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. इकडे चर्चच्या मैदानात यंदा क्रोएट मंडळींनी उजव्या कुंपणाशी वेगळं टेबल मांडलं होतं आणि सर्ब मंडळींनी डाव्या. दोन्हीकडून घरी निरोप आले होते. तिला एकटीला, त्याला एकट्याला.

“यंदा घरीच बसू,” ती गुरुवारी म्हणाली होती. पण ताटात पडेल ते खाणारा, कधी कशाचा हट्ट न करणारा दुशान अडून बसला. “एवढ्या वेळेस चल. माझ्यासाठी.” शुक्रवारी दिवसभर त्याने स्वतः अक्रोड कुटले. पीठ ताणून ताणून कागदासारखं पातळ केलं. एकतीस वर्षांत त्याने स्वयंपाकघरात साधं कालथं उचललं नव्हतं.

दुपारपर्यंत निम्मी पोवितिका संपली. फिनिश बायका आल्या, इटालियन म्हातारे आले. आपलं माणूस मात्र एकही फिरकलं नाही. डावीकडचे सर्ब दुशानकडे बघायचे आणि बोलता बोलता गप्प व्हायचे. आणि काता? रुझाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी जिने हातात धरलं होतं, ती काता दोनदा समोरून गेली. दोन्ही वेळा मान खाली घालून.

“बघितलंस?” रुझा म्हणाली. “जशा काही आपणच गोळ्या झाडल्या.”

दुशानने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली. “ऊन लागतंय का तुला? कॉफी आणू?”

“तिसऱ्यांदा विचारतोयस. आज झालंय तरी काय? एवढं कौतुक लग्नाआधी केलं असतंस, तर माझ्या बाबांनी लगेच हो म्हटलं असतं. बोझो मध्ये पडला म्हणून निभावलं. माझा धाकटा भाऊ असून बापाशी भांडला तो आपल्यासाठी.”

दुशानच्या हातातला कप कलंडला. तो बराच वेळ टेबल पुसत राहिला.

तीन वाजता नाच सुरू झाले आणि सगळी गर्दी तिकडे वळली. तेव्हा काता आली. तिने रुझाचे दोन्ही हात हातात घेतले.

“रागावू नकोस गं. सकाळपासून यायचं म्हणतेय, पण पाय उचलत नव्हता. तुझ्याशी काय बोलावं तेच सुचेना. आम्हाला वाटलं होतं तू येणारच नाहीस. एवढ्या दुःखात कोण येईल?”

“कसलं दुःख?”

काताने दुशानकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

“बोझोचं,” ती हळूच म्हणाली. “सोमवारी घरावर तोफगोळा पडला ना. माझ्या बहिणीचा फोन आला होता. मला वाटलं, तुला…” तिने रुझाला घट्ट धरलं. मग रुझानेच तिला मानेने जायला सांगितलं.

एक म्हातारा दोन तुकडे मागायला आला. रुझाने ते कागदात नीट बांधून दिले. तो गेल्यावर तिने विचारलं, “तुला कधी कळलं?”

“मंगळवारी. तू प्रार्थनेला गेली होतीस.”

“कुणी सांगितलं?”

“वेल्कोचा फोन आला होता.”

वेल्को म्हणजे दुशानचा धाकटा भाऊ. वसंतातच तो तिकडे सर्बांच्या फौजेत गेला होता.

“वेल्कोला कसं कळलं?”

दुशान टेबलावरचा चुरा गोळा करू लागला. मैदानात ॲकॉर्डियन वाजत होतं.

“रडत होता तो,” दुशान म्हणाला. “त्याची तोफ टेकडीवर होती. म्हणाला, खाली कुणाचं घर आहे ते ठाऊक नव्हतं…”

“त्या दरीतलं प्रत्येक घर त्याला ठाऊक आहे, दुशान. बोझोच्या घरी तो जेवलाय.”

तिने ॲप्रनची गाठ सोडली. मग ॲप्रनची नीट घडी केली.

“चार दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास. भाऊ गेला आणि मी रडलेसुद्धा नाही. आणि तू मला इथे आणून पोवितिका विकायला बसवलंस. का?”

दुशानने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“मंगळवारी सांगितलं असतं, तर बुधवारी तू मला सोडून गेली असतीस. त्याआधी शेवटचा एक दिवस इथे तुझ्याशेजारी बसायचं होतं.”

‘गेले नसते’ असं रुझा म्हणाली नाही.