धुतलेलं पोतं

पाटाचं पाणी आलं, पाठोपाठ युरिया आला. त्याची रिकामी पोती झुंबरबाई कास्तकारांना पूर्णेच्या डोहात धुऊन द्यायला लागली. चार पोती धुतली की एक तिचं. पहिल्या साली डोह हिरवागार झाला आणि मासे असे पोसले, की तिच्या नवऱ्यानं, वाल्मीक भोयानं, नदीला नारळ फोडला. "धू, तुझ्या हाताला गुण हाय," तो म्हणाला. यंदा तिनं दुप्पट धुतली. आज तांबडं फुटताना सगळे मासे वर येऊन हवा गिळायला लागले आणि बघता बघता उताणे झाले. वाल्मीक कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि मेलेला रोहू उचलून ओरडला, "झुंबरे, कुणी गं इख कालवलं?" काठावर तिच्या हातातल्या पोत्याच्या कोपऱ्यात चिमूटभर पांढरे दाणे चिकटून होते. सवयीनं ते झटकायला तिनं पोतं पाण्याकडं नेलं, आणि हात अधांतरीच राहिला.