ताट पडायला हवं

दिग्दर्शिकेला 'कट' म्हणवेना. सेटवरच्या स्वयंपाकघरात तिची स्वतःची आई उभी होती, कानाला फोन आणि हातात स्टीलचं ताट. आपण आता घरी परत येणार नाही, असं मालिकेतल्या मुलानं नुकतंच फोनवर सांगितलं होतं. आईनं फोन ओट्यावर ठेवला आणि ताट पुसायला घेतलं. ताट केव्हाच कोरडं झालं होतं. ती पुसतच राहिली.

लाइटवाल्यानं आलेली जांभई अर्ध्यात गिळली.

"कट," शेवटी दिग्दर्शिका म्हणाली. तिला जागच्या जागी उडी मारावीशी वाटत होती. याच आईला घेऊन, घरच्या ओट्यापाशी, मोबाइलवर तिनं वेबसिरीज केली होती. 'तुमच्यातलं ते खरेपण आमच्याकडे आणा,' असं म्हणून चॅनेलनं तिला बोलावलं होतं. मालिकेच्या इतक्या महिन्यांत ते आज, आई सेटवर आल्यावर, पहिल्यांदा आलं होतं.

"त्यांना फोनवरचं ऐकू नाही का आलं?" मॉनिटरसमोर बसलेल्या चॅनेलच्या बाईंनी विचारलं.

"आलं ना. म्हणूनच तर त्या..."

"ताट पडायला हवं. आपले प्रेक्षक भाजी चिरत असतात, टीव्हीकडे पाठ करून. दणकन आवाज झाला की वळून बघतात."

"मॅडम, घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर झूम करून झालं. पोपटाच्यासुद्धा. हा एवढा एक शॉट राहू द्या."

"पोपट आवडला लोकांना." बाई गोड हसल्या. "हे बघ, मी वाईट नाही बोलत. पण आजचा भाग असा गेला, तर सोमवारी तुझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल. वरूनच आलंय तसं."

दिग्दर्शिका ओट्यापाशी गेली. ओटा घरच्या ओट्याच्या तिप्पट, नळाला मात्र पाणी नाही. सेटवर आईला अहो-जाहो करायचं, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"काकू, तुम्ही आता असं करा..."

आईनं मागे वळून पाहिलं. "काकू कोण?"

"आई, हळू बोल गं. फोन ठेवलास ना, की ताट हातातून पडू दे."

"पडेल कशाला? मी धरलंय की."

"धरू नकोस."

"अगं, असलं काही ऐकल्यावर माणूस हातातलं उलट घट्ट धरतं. आणि घरी तूच म्हणायचीस ना, मनापासून जे होईल तेच कर."

"लोक भाजी चिरत बघतात, आई. आवाज लागतो."

"मीही चिरतच बघते. त्या डब्यातला आवाज बंद झाला की वळते मी. काय झालं बाई एकदम, म्हणून."

हे तिलाही पटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. मागे बाई घड्याळाकडे बघत होत्या.

"आई, टाक ना ते ताट."

आवाज चढला. सगळ्या सेटनं ऐकला. हातोडी मारणारा सुतारही थांबला.

आईनं पदर नीट केला. "बरं, मॅडम," ती म्हणाली.

पुन्हा फोन वाजला. पुन्हा मुलगा तेच बोलला. आईनं फोन ठेवला आणि बोटं सैल सोडली. ताट फरशीवर आपटलं, घरंगळत कॅमेऱ्याच्या पायाशी जाऊन पडलं. आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून तिनं कॅमेऱ्यापलीकडे, सरळ लेकीकडे पाहिलं.

मॉनिटरवर तो चेहरा मोठा दिसत होता.

"हे बघ, आहे की यांच्यात," चॅनेलच्या बाई खूश होऊन म्हणाल्या. "हाच चेहरा हवा होता. आता यावर झूम करा. तीनदा."

कॅमेरामननं दिग्दर्शिकेकडे बघितलं. "करू?"

तिनं होकारार्थी मान हलवली. कॅमेरा आईच्या डोळ्यांकडे सरकू लागला.