पाय चुकतोय

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षात पेशंटची चाल नुसती ओळखून भागत नाही, परीक्षेत ती चालूनही दाखवावी लागते. धाकटीच्या वाट्याला अर्धांगवायूची चाल आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ही तर घरचीच! बाबा असेपर्यंत याच पॅसेजमधून तसेच चालायचे. गुडघा ताठ, हात छातीशी आखडलेला, पाय बाहेरून अर्धगोल फिरवत फरशीवर घासलेला.

दुपारी तिने पॅसेजमध्ये सराव मांडला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई बघत होती.

"अगदी हुबेहूब," आई पुटपुटली आणि तिने पदराने डोळे टिपले.

धाकटी खूश झाली. आणखी दोन फेऱ्या मारून ती आईसमोर येऊन थांबली. "मग? उद्या पास ना मी?"

"तू? तुझा तर पायच चुकतोय, बाई. तू डावा ओढतेयस. ह्यांचा उजवा गेला होता."

"अगं, मग मघाशी हुबेहूब कशाला म्हणालीस?"

आईची नजर धाकटीच्या खांद्यावरून मागे पॅसेजमध्ये लागली होती आणि कुणाच्या तरी चालीने, थांबत थांबत, जवळ येत होती.

"ते मी तुला नव्हते म्हणाले," आई हळूच म्हणाली. "जरा भिंतीकडे सरक. त्यांना वाट दे."