गाळलेली भुकटी

दिवा बंद झाला आणि प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत आई स्टुलावर सरसावून बसली.

"झालं का सुरू?"

"थांब. पुन्हा दाखवते दिवा."

लेकीने जांभळा दिवा लावला, काचेच्या बशीतल्या भुकटीवर चांगला धरला आणि विझवला. काळाकुट्ट अंधार. बाबांनी बनवलेली हीच भुकटी दिवा विझल्यावरही हिरवी तेवत राहायची आणि मग सावकाश मावळायची. असं तेवायला एरवी लागतो तसा कुठला धातू तिच्यात नव्हता, की बर्फाच्या थंडीत ठेवायची गरज नव्हती. साधं कार्बनी संयुग, टेबलावर उघडं ठेवलेलं. तशी पुन्हा कुणालाच जमली नाही. बाबा गेले तेव्हा बाटलीच्या तळाशी चमचाभर उरली होती.

"माझे केस पांढरे झालेले कळले नाहीत त्यांना," आई अंधारात म्हणाली, "पण हिची छटा जरा बदलली की भरल्या ताटावरून उठून धावायचे. मला मात्र 'आधी नीट जमू दे, मग दाखवतो'. बघू तरी आज माझी सवत."

लेकीला हसू आलं नाही. आईला दाखवायची तर लख्ख दिसावी, म्हणून काल तिने ती सगळीच्या सगळी विरघळवली, थंड करून गाळून घेतली. चिमूटभरही मागे ठेवली नाही. पिवळट भुकटी पांढरीशुभ्र होऊन हाती आली तेव्हा ती खूश झाली होती.

आता तिला कळलं. उजेड भुकटीचा नव्हताच. तिच्यात कणभर दुसरंच काही मिसळलेलं होतं, बाबांनाही ठाऊक नसलेलं. उजेड त्याचा होता. ते गाळलेल्या पिवळ्या पाण्याबरोबर निघून गेलं. ते पाणी तिनेच टाकाऊ द्रावणांच्या पिंपात ओतलं होतं, आणि पिंपं न्यायला सकाळी गाडी येऊन गेली होती.

"आई..."

"बोलू नकोस गं, लक्ष जातं." आईने चाचपडत तिचा हात धरला. "माझे डोळे सरावायचेत अजून. बसू या निवांत. घरी कोण वाट बघतंय?"