श्रावणीची मुलाखत

बाईंनी पुढे सरकवलेल्या कार्डावर ठळक अक्षरांत ‘कमळ’ लिहिलं होतं. श्रावणीने कार्डाकडे पाहिलं, बाईंच्या शेजारी बसलेल्या मोठ्या काकूकडे पाहिलं आणि मान हलवली. येत नाही.

मागे बसलेली तिची आई, पद्मजा, खुर्चीत पुढे सरकली. साडेतीन वर्षांची ही पोर रोज सकाळी बापाच्या मांडीवर बसून पेपरातले मथळे वाचते. रिक्षामागचं, एसटीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, दिसेल ते वाचते. आणि आज तिला कमळ येईना.

बाईंनी कार्ड बदललं. घर. मान हलली. आकडे दाखवले, तेव्हाही हलली. मग श्रावणीने वळून आईकडे पाहिलं. पद्मजाने डोळ्यांनीच दटावलं, बोल की. पण पोरीची नजर आईच्या गळ्यावर खिळलेली. मंगळसूत्र उलटं झालं असेल, असं वाटून पद्मजाने ते सरळ केलं आणि पदर ओढून घेतला.

या शाळेची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. मात्र शिशुवर्गात दरवर्षी एका हुशार मुलाला निम्म्या फीत घेत, आणि तेवढी कशीबशी झेपली असती. नाहीतर बोळातली बालवाडी होतीच. पण तिथल्या कमलम्माबाईंनी चार दिवसांतच हात टेकले होते. अख्खा वर्ग अ अननसाचा म्हणत असताना ही भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचून दाखवायची. हिला माझ्याकडे ठेवून वाया घालवू नका, असं त्याच म्हणाल्या होत्या. म्हणून पद्मजाने नाक मुठीत धरून थोरल्या जावेकडे, निवेदिताकडे, शब्द टाकला. निवेदिताचा वरद याच शाळेत, बाईंशी तिची घसट. ती आली, ठेवणीतली साडी नेसून आली आणि कुणी बस म्हणायच्या आत बाईंच्या शेजारची खुर्ची अडवून बसली.

दोघी जावा एकाच घरात वर-खाली राहत होत्या. घर थोरल्या दिरांचं. पद्मजाचा नवरा देवदत्त कापडाच्या दुकानात तुटपुंज्या पगारावर हिशेब लिहायचा, त्यामुळे खालच्या दोन खोल्यांचं भाडं कुणी घेत नव्हतं. जिना उतरताना निवेदिता त्याची आठवण मात्र न चुकता करून द्यायची. दिवाळीत तर कहरच झाला. चारचौघांत वरद गोष्टीच्या पुस्तकात अडखळला आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान श्रावणीने वाकून ती ओळ घडाघडा वाचून टाकली. पाहुणे हसले, वरदने भोकाड पसरलं. निवेदिताने अबोला तर धरलाच, वर गच्चीवरच्या टाकीची खालच्या खोल्यांना पाणी देणारी तोटीही बंद करून टाकली. सोलापुरात नळाला पाणी येतं ते तरी कुठं रोज. संक्रांतीपर्यंत पद्मजाने शेजाऱ्यांकडून बादल्या वाहिल्या होत्या.

“अजून लहान आहे. पुढच्या वर्षी बघू,” म्हणत बाईंनी कार्डं गोळा केली. त्या मायेने बोलल्या, तेच पद्मजाला जास्त लागलं. निवेदिताने उठून श्रावणीच्या गालावरून हात फिरवला.

“आपला तो बाब्या असतो गं, पद्मजा. घरात सगळ्यांनाच आपली पोरं हुशार वाटतात.”

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला होता. पद्मजाला टेबलावरचा पेपरवेट उचलून तिच्या टाळक्यात घालावासा वाटला. ती हसली, बाईंना नमस्कार केला आणि निवेदिताची स्कूटी फाटकाबाहेर पडेपर्यंत हसतच राहिली.

मग तिने श्रावणीचं मनगट धरलं आणि ओढतच रस्त्याला लागली. आता हे वरच्या मजल्यावर तिखटमीठ लावून सांगितलं जाणार. सासरी माहेरी सगळीकडे पसरणार. पद्मजा उगाच फुशारक्या मारत होती म्हणणार. या कार्टीने मुद्दाम केलं, बापासारखीच वेळेला शेपूट घालणारी. तिला जावेचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, आणि जवळ होती ती फक्त पोर.

कोपऱ्यावर श्रावणी थबकली. मान वर करून तिने दुकानाची पाटी एका दमात वाचली.

“शेंगाचटणी व कडक भाकरी घाऊक दरात मिळेल. आई, घाऊक म्हणजे?”

पद्मजाने तिच्या पाठीत धपाटा घातला. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, तरी तिने दुसरा घातला.

“आता वाचता येतं होय? मघाशी काय दातखीळ बसली होती?”

रडं आवरत श्रावणीने आपला इवलासा हात वर केला आणि आईच्या गळ्याकडे नेला. दिवाळीच्या त्या रात्री पद्मजाने तोच हात धरून तिथेच टेकवला होता, हे पद्मजा विसरून गेली होती.

“काकू होती की तिथं. तूच गळ्याची शपथ घातलीस, काकूसमोर कधी वाचायचं नाही म्हणून. अजून सुटली म्हणाली नाहीस. मी कमळ वाचलं असतं तर तू मेली असतीस.”